काटा आहे तोवर

सायकलवर बसण्याआधी मी अजून मागचं चाक अंगठ्याने दाबून पाहतो. घरातले हसतात. पंपाने कालच हवा भरलेली असते, टायर दगडासारखा टणक असतो, तरी अंगठा गेल्याशिवाय राहत नाही. ही सवय माझी नाही. ती चौधरी सरांची. सर गेल्याला आता वर्ष होईल. त्यांच्या हाताचं, बोलण्याचं पुष्कळ काही विसरायला झालं आहे, पण हा अंगठा माझ्याजवळ राहिला.

त्यांचं नाव सुपडू. आमच्या भागात हे नाव ऐकलं की लोकांना पुढचं सांगावं लागत नाही. आधीची मुलं जगली नाहीत की पुढचं मूल जन्मताच सुपात घालतात, जोंधळ्यासारखं पाखडल्याचं नाटक करतात आणि नाव ठेवतात सुपडू. हे मूल फार मोलाचं नाही, असं कुणाला तरी दाखवायचं असतं. सर म्हणत, "मास्तर, माझ्या आईची भीती मी नावासारखी वापरतो. हजेरीपटावर रोज सही करतो तिची."

मी सावद्याचा, ते एदलाबादकडचे. साठच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघेही शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कूलात नोकरीला लागलो. ते गणित शिकवत, मी मराठी. ते माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे होते, तरी मला 'मास्तर' म्हणत आणि अहोजाहो करत. गावातली माणसं अहिराणी बोलत. आम्हा पूर्वेकडच्यांना ती कळे, पण बोलता येत नसे. त्या परकेपणात आमची जोडी जमली. राहायला दोघेही नरडाण्याला होतो. स्टेशनपासून जरा आत एका मारवाडी शेठचं किराणा दुकान होतं. त्यामागच्या चौकात एका बाजूला माझी खोली, समोर सरांच्या दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत सर आणि त्यांची मुलगी कुमुद. बायको कुमुदच्या लहानपणीच गेलेली.

कुमुदला दमा होता.

मी पहिल्यांदा तिचा दमा पाहिला तेव्हा माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं होतं. आठ-नऊ वर्षांची मुलगी गुडघ्यांवर हात रोवून वाकून बसलेली, खांदे वर उचललेले, गळ्याच्या खळग्यात कातडी आत ओढली जात होती. आवाज बारीक, शिट्टीसारखा. सर तिच्यासमोर जमिनीवर बसले होते. त्यांनी गोळी दिली, कोमट पाणी दिलं आणि मग आपला गाल तिच्या तोंडाजवळ नेला. नुसता गाल. श्वास बाहेर येतोय की नाही ते कातडीने पाहत होते. "येतोय," ते म्हणाले. "सावकाश. घाई नाही. येतोय." त्यांचा आवाज वर्गात बेरीज शिकवताना असे तसाच होता. मात्र पाठीमागे नेलेला दुसरा हात जमीन खरवडत होता. तो कुमुदला दिसत नव्हता, मला दिसत होता.

दिवसा कुमुदकडे शेठाणी बघत. लठ्ठ, तोंडाळ, मनाने उदार बाई. पण त्या जैन. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायचं, आणि चातुर्मासात जेवण झालं की त्या घरच्या सगळ्यांना घेऊन स्थानकात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागी, जात. संध्याकाळचं प्रतिक्रमण, दिवसभराच्या चुकांची क्षमा मागणं, उरकून परत यायला वेळ लागे. म्हणजे ते चार महिने दिवस मावळताना कुमुद एकटी असे. आणि तिचा दमा उठायचा तोही बहुधा त्याच वेळी, आभाळ भरलेलं असलं की हमखास. सरांच्या आयुष्यात घड्याळ नव्हतं असं नाही, पण त्यांची खरी वेळ एकच होती. सूर्य बुडायच्या आत दारात.

एस. टी. होती तोवर हे जमत होतं. एका पावसाळ्यात नाल्यावरचा फरशी पूल वाहून गेला आणि गाडी बंद झाली. पायी जायचं तर शाळा सुटल्यावर निघून अंधार पडणार. तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर सरांनी सायकल घ्यायचं ठरवलं. मलाही येत नव्हती. दोघांनी धुळ्याहून दोन जुन्या सायकली आणल्या आणि शाळेच्या मैदानावर, शाळा सुटल्यावर, मुलांच्या देखत शिकलो. सर हँडल असं धरत की जणू ते कुणी हिसकावून नेणार आहे. मुलं ओरडत, "सर, समोर दखा! चाककडे नका दखू!" सर चाकाकडेच बघत. त्यांना पडण्याचं भय नव्हतं. गुडघे फुटले, धोतराचा सोगा चेनमध्ये फाटला, तेव्हापासून ते पायजमा घालू लागले. त्यांचं भय त्या रबरात होतं, ज्याच्या आत काय चाललंय ते दिसत नाही.

ते भय खरं ठरायला आठवडाही लागला नाही. रस्ता म्हणजे गाडीवाट. काळी माती, मध्ये मध्ये उघडी पडलेली खडी, दोन्ही बाजूंना बाभळी. पहिल्यांदा सरांच्या चाकात काटा रुतला तेव्हा त्यांनी लगेच उतरून तो चिमटीत धरला आणि उपटला. फुस्स. क्षणात चाक जमिनीला टेकलं. शेजारच्या शेतातून एक म्हातारे आबा बांधावर येऊन उभे राहिले आणि पोट धरून हसले.

"ओ मास्तर, काटा काबरं काढा? ऱ्हाऊ देवाना व्हता! काटा शे तवलोंग हवा शे."

काटा काढायलाच नको होता; काटा आहे तोवर हवा आहे. रुतलेला काटाच भोक बुजवून धरतो. तसंच दामटत गावापर्यंत जायचं आणि मग काढायचा. आबांचं म्हणणं नेहमी खरं ठरे असं नाही. कधी हवा हळूहळू जातच राही. पण सरांनी ते वाक्य उचललं आणि त्याचा नियम केला. "काटा काढू नका" हे ते वर्गात, रस्त्यात, बोलता बोलता कुठेही म्हणत. एखाद्या पोराने न विचारलेली गोष्ट भर वर्गात बोलून दाखवली की म्हणत, "अरे, काटा का काढलास? पोहोचेपर्यंत राहू द्यायचा."

सायकल दुरुस्तीत त्यांना गती नव्हती, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. हात गणिताचे, हत्याराचे नव्हते. त्यांनी दुधाच्या पावडरीच्या एका जुन्या डब्यात टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या, पॉलिश पेपर, सोल्युशनची नळी, जुन्या ट्यूबची कापलेली ठिगळं, व्हॉल्व्हची रबरी नळी आणि एक खडू असं सगळं भरलं. तो डबा आणि हवेचा पंप कॅरिअरला सुतळीने बांधलेले असत. रविवारी चौकात बसून ते चांगलं धडधाकट चाक खोलत, ट्यूब काढत, पुन्हा घालत. घालताना पट्टीत ट्यूब चिमटली जाई आणि नसलेलं भोक नव्याने पडे. कुमुद पाण्याची परात धरून समोर बसे. ट्यूब पाण्यात बुडवली की ती बुडबुड्यावर बोट ठेवी. "हे बघा बाबा, तुम्ही पाडलेलं."

शेठाणी ओट्यावरून बघत. "मास्तरजी, दर रविवारी त्याचं पोट फाडता. सायकल आजारी नाय. तुमीच आजारी हाय."

"शेठाणी, रस्त्यात वेळ आली तर हात चालला पाहिजे."

"आन् डोळे कशाला मिटता?"

सर खरोखर डोळे मिटून टायर चढवत असत. रस्त्यात अंधारून आलं तर, म्हणून. शाळेत त्यांचं नाव 'हवालदार' पडलं होतं. मधल्या सुट्टीत शिपाईसुद्धा विचारी, "हवालदार साहेब, आज हवा कशी?" सर हसत आणि सायकलींच्या खोपटाकडे जाऊन माझं आणि त्यांचं, दोन्ही मागची चाकं अंगठ्याने दाबून येत. मी त्यांना हसलो नाही, कारण मला तो वाकलेला खांदा आणि शिट्टीसारखा आवाज ठाऊक होता. त्यांनी शाळेत कुणाला कुमुदच्या दम्याविषयी सांगितलं नव्हतं. मुलीचं दुखणं चार तोंडांत गेलं की पुढे तिच्या लग्नात आडवं येतं, असं त्यांना वाटे. कुमुदलाही त्यांनी कधी कळू दिलं नाही की आपल्या बापाच्या जिवाची रोज संध्याकाळी काय गत होते. तिला वाटे, बाबांना सायकलीचा नाद आहे.

रब्बीची पेरणी झाली की शेतकरी शेताला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालतात. काट्यांनी भरलेल्या बैलगाड्या वाटेने जातात आणि मागे काटे सांडत जातात. त्या दिवसांत ती वाट आम्हा दोघांनाही नको वाटे. सर समोर पाहत नसत, मुलांनी शिकवलेलं सगळं विसरून चाकापुढची हातभर जमीन वाचत जात.

कार्तिकातली गोष्ट. पौर्णिमा अजून यायची होती, म्हणजे चातुर्मास संपला नव्हता आणि शेठाणींचं स्थानक चालू होतं. सकाळपासून अवकाळी आभाळ आलेलं. त्यात शाळेत तपासणीला साहेब आले. साहेबांनी शेवटच्या तासाला गणिताचा वर्ग घेतला, मग चहा, मग सूचना. सर खुर्चीच्या कडेवर बसून खिडकीबाहेर बघत होते. साहेब विचारत होते एक आणि सर 'हो साहेब' म्हणत होते भलत्यालाच. सुटलो तेव्हा सूर्य ढगामागे होता, तो किती खाली गेलाय हे कळत नव्हतं. हेच जास्त वाईट होतं.

थोडं पुढे गेलो तर वाटेवर ताज्या काट्यांची रेघ. गाडी नुकतीच गेली होती. आम्ही उतरून ढकलत निघालो असतो तर बरं झालं असतं, पण सर उतरले नाहीत. आणि मग सरांच्या चाकातून मला तो फुस्स आवाज ऐकू आला. फार लहान आवाज असतो तो. पण मी त्याच्याइतकं कशाला घाबरलो असेन असं वाटत नाही.

मी माझी सायकल पुढे केली. "सर, तुम्ही जा. मी तुमची ढकलत आणतो."

ते चढले आणि गेले. त्यांची पाठ बाभळींत दिसेनाशी झाली. मी त्यांची लंगडी सायकल ढकलत चाललो. वाटेवर कुणी नव्हतं. पाखरं झाडांवर उतरायला लागली होती. वारा पडला होता, दमेकऱ्याला नको तशी कोंदट हवा. मी मनात कुमुदचा चेहरा येऊ देत नव्हतो आणि तोच येत होता.

नाल्याच्या वळणाअलीकडे मला समोरून कुणी धावत येताना दिसलं. सर होते. घराकडे नव्हे, माझ्याकडे धावत होते. टोपी नव्हती. घाबरले की त्यांची भाषा थेट एदलाबादला जात असे.

"डबा! मास्तर, डबा! माह्या सायकलीवरच राह्यला!"

ते घेऊन गेलेली माझी सायकलही पंक्चर होऊन बसली होती. आणि हत्यारांचा डबा इथे, त्यांच्या कॅरिअरला. रविवारच्या सगळ्या तालमीत त्यांनी ही एक गोष्ट धरली नव्हती. आपण दुसऱ्याच्या सायकलवर असू शकतो, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

मी म्हटलं, "सर, धावत जा. मी येतो मागून."

ते धापा टाकत उभे राहिले. वाट अजून निम्म्याहून जास्त होती. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. एक पाय घराकडे, एक डब्याकडे. मग ते खाली बसले आणि माझ्या हातातल्या त्यांच्याच सायकलीचं चाक ओढून खोलायला लागले.

पहिली पट्टी निसटून त्यांच्या नखावर लागली. मी पुढे झालो तर म्हणाले, "नको. मले सवय आहे." त्यांनी डोळे मिटले. उजेड अजून होता, तरी मिटले. आणि खरंच, डोळे मिटल्यावर हात स्थिरावला. टायरची कड सुटली. ट्यूब बाहेर आली. पाणी नव्हतं, परात नव्हती, कुमुद नव्हती. त्यांनी ट्यूबमध्ये हवा भरली आणि ती गालाजवळ धरून हळूहळू फिरवू लागले.

मी काहीतरी बोललो. ते म्हणाले, "बोलू नका. मले ऐकू द्या."

तोच गाल. त्याच पद्धतीने थोडा पुढे केलेला, डोळे मिटलेले. मी मान वळवली. माझ्याने ते बघवलं नाही.

"येतोय," ते म्हणाले. "इथून येतोय." खडूने खूण केली. घासलं. सोल्युशन लावलं. आणि मग थांबले. सोल्युशन वाळल्याशिवाय ठिगळ धरत नाही. ओल्यावर चिकटवलं की शंभर पावलांत सुटतं. त्यांच्या हातात ठिगळ होतं, समोर ट्यूब होती, आभाळ काळवंडत होतं, आणि करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी फुंकर घातली नाही. बोट लावून पाहिलं नाही. फक्त पुटपुटत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत. कान दिला तर ऐकू आलं, "सावकाश. घाई नाही. सावकाश." इतका वेळ वर्गात, घरात, कुठेही मी त्यांना शांत समजत आलो होतो. ती शांतता त्यांना कशी बनवावी लागे, ते त्या दिवशी मला दिसलं.

ठिगळ बसलं. ट्यूब आत घालण्याआधी त्यांनी टायरच्या आतून बोट फिरवलं. घाईतला माणूस नेमकं हेच विसरतो. तिथे काट्याचं टोक होतं. ते त्यांच्या बोटात शिरलं, तेव्हा ते 'हां' एवढंच म्हणाले, समाधानाने, आणि तो काटा दातांनी उपटला. चाक चढवलं, पंप मारला, अंगठा दाबला आणि गेले.

मी नाल्याजवळ माझी सायकल उचलली आणि ती ढकलत नरडाण्याला पोहोचलो तेव्हा दुकानात दिवे लागत होते. चौकात पाऊल टाकायला मला धीर होईना. मी भिंतीला सायकल टेकवून तिथेच उभा राहिलो. तो शिट्टीसारखा आवाज आतून येत होता. येत होता म्हणून बरं वाटावं की भ्यावं, हे कळेना.

शेवटी आत डोकावलो तर सरांच्या दारात शेठाणी बसल्या होत्या. स्थानकात गेल्या नव्हत्या. कुमुद त्यांच्या मांडीला पाठ टेकून वाकून बसली होती. सर समोर उभे होते, काळे हात अंगापासून दूर धरून, बोटातून रक्त.

"गोळी दिली मी," शेठाणी म्हणाल्या. "पाणी दिलं. आता उतरतंय. मास्तरजी, असं उभं काय ऱ्हायले? हात धुवा आधी."

सरांनी हात धुतले नाहीत. ते खाली वाकले, हात पाठीमागे नेले आणि गाल पुढे केला. बराच वेळ तसेच होते. मग कुमुदच, दोन श्वासांच्या मध्ये म्हणाली, "बाबा, पंक्चर झालं होतं का?"

"हो," सर म्हणाले. "मग काढलं."

शेठाणींनी त्या संध्याकाळी जेवण केलं नव्हतं, हे मला त्यांच्या सुनेकडून दुसऱ्या दिवशी कळलं. पोरीजवळ बसल्या होत्या तोवर दिवस मावळला. मग सकाळपर्यंत पाणीही नाही. सरांनी आभार मानायला तोंड उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते राहू द्या. आता त्या सायकलला आराम द्या."

पुढे माझी बदली सावद्याला झाली. दमा कमी झाला, गेला नाही. कुमुद मॅट्रिक झाली आणि मास्तरीण व्हायला जळगावला आली. ती शिकत होती त्या काळात सरांनीही जळगावची शाळा मागून घेतली आणि गावाबाहेरच्या एका नव्या वस्तीत खोली घेतली. तिच्यासाठी एक लेडीज सायकल घेतली होती, सेकंडहँड.

सरांना मी शेवटचं तिथेच पाहिलं. त्या सकाळी मी केळीच्या एका ट्रकबरोबर जळगावला आलो होतो. कुमुदला परीक्षेसाठी एक पाठ शिकवून दाखवायचा होता, दूरच्या एका शाळेत, परीक्षक बाहेरून येणार होते. निळ्या काठांचं पातळ, पाठीवर घट्ट वेणी, कॅरिअरला तक्त्यांची गुंडाळी. पाठ बरोबर सात वाजता सुरू व्हायचा होता आणि निघायला आधीच उशीर झालेला.

"बाबा, जाते."

"थांब." सर खाली बसले. केस पांढरे झाले होते, बसताना गुडघ्यावर हात टेकावा लागत होता. पुढचं चाक दाबलं. मागचं दाबलं. मग अंगठा तसाच टायरवर सरकत गेला आणि एका जागी थांबला.

मीही वाकून पाहिलं. काटा होता. बाभळीचा, रबरात पुरता बुडालेला, फक्त मागचं टोक दिसत होतं.

कुमुदने पाहिलं. डबा आत कोनाड्यात होता. खोलायचं, घासायचं, सोल्युशन वाळेपर्यंत थांबायचं, एवढा वेळ नव्हता. सरांचा हात चिमटीसारखा झाला आणि काट्यापाशी गेला. मी पाहत होतो. मग त्यांनी हात मागे घेतला.

"पोहोचल्यावर काढ," ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

"गोळी?"

"पर्समध्ये."

ती गेली. वस्तीतून बाहेर पडणारी वाट सरळ होती, त्यामुळे ती पुष्कळ वेळ दिसत राहिली. निळा काठ, वेणी, मग नुसती सायकल, मग तीही रस्त्यावरच्या धुळीत मिसळली. मला स्टँडवर जायचं होतं. मी "येतो, सर" म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. पंप त्यांच्या हातात होता. तो त्यांनी कधी उचलला ते मला कळलं नव्हतं. मी कोपऱ्यावरून मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता आणि सर तिथेच उभे होते, डोळे मिटून, मान किंचित वळवून, गाल त्या रिकाम्या रस्त्याकडे पुढे केलेला.